पुणे की सोलापूर, हा प्रश्नच अपुरा आहे

बारावीचे निकाल लागले, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे पेपर संपले की सोलापुरात एक वाद दरवर्षी नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, इथे राहिलंय काय? काही दिवसांआड येणारं पाणी, बंद पडलेल्या मिला, जेमतेम पगार. पोरांनी हुतात्मा एक्स्प्रेस पकडावी आणि पुणं गाठावं. दुसरी बाजू म्हणते, ज्यांनी यंत्रमागावर बारा-बारा तास उभं राहून शिकवलं, त्या आईबापांना उतारवयात एकटं टाकून कसलं करिअर? सगळेच गेले तर या शहरात उरणार कोण? दिवाळीला पुण्याची मंडळी घरी आली की हाच वाद पुन्हा होतो आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी आणखी घट्ट होऊन उठतात. यात खोटं कुणीच बोलत नाही. पाण्याची तक्रार खरी आहे, आईबापांचं एकटेपणही खरं आहे. तरीही वाद पुढे सरकत नाही, कारण दोघेही फक्त निकाल सांगतात. कशाला किती मोल देऊन तो निकाल निघाला, हे कुणी उघड करत नाही.

माझं मत असं: कुठे राहायचं, कोणती नोकरी धरायची, लग्न कधी आणि कुणाशी करायचं, घरासाठी कर्ज काढायचं की नाही, हे सगळे नंतरचे प्रश्न. आधी आपल्या मूल्यांचा क्रम ठाऊक हवा. तो डोळे मिटून मनाला विचारल्याने कळत नाही. आजवर वेळ, पैसा आणि मनस्ताप कशावर खर्च केला याची नोंद तपासल्यावर कळतो. हल्ली ‘स्वतःची मूल्यं ओळखा’ म्हणून शिबिरं होतात, पन्नासेक शब्दांची यादी हातात देतात आणि त्यातले पाच निवडायला सांगतात. प्रामाणिकपणा, कुटुंब, आरोग्य, स्वातंत्र्य, समाजसेवा हे शब्द बहुतेक सगळेच उचलतात. या शब्दांना नाही म्हणणारा माणूस कुठे भेटेल? मग त्या निवडीतून नवीन काय कळलं?

मूल्यांच्या अभ्यासात शालोम श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञाचं काम इथे उपयोगी पडतं. अनेक देशांतल्या लोकांची उत्तरं तपासून त्यांनी 1992 मध्ये दहा मूलभूत मूल्यांची मांडणी केली, तीही वर्तुळात. शेजारशेजारची मूल्यं एकत्र नांदतात, समोरासमोरची एकमेकांना ओढतात. सुरक्षितता, परंपरा आणि चारचौघांना धरून वागणं एका बाजूला, तर स्वतःच्या मताने चालणं आणि नवं काही करून पाहणं त्याच्या समोर. आपल्या माणसांची काळजी आणि सर्वांचं भलं एका बाजूला, तर यश आणि सत्ता त्यांच्या समोर. यातली सगळी मूल्यं कमीअधिक प्रमाणात सगळ्यांनाच हवी असतात. माणसामाणसांत फरक पडतो तो क्रमाचा. म्हणून ‘कुटुंब हे माझं मूल्य आहे’ या वाक्याने काहीच ठरत नाही. कुटुंब आणि स्वातंत्र्य एकाच दिवशी, एकाच रकमेसाठी किंवा एकाच संध्याकाळसाठी भांडू लागले की कोण जिंकतं, एवढंच विचारण्यासारखं आहे.

हे आपल्या मातीला नवीन नाही. मंगळवेढ्याचे दामाजीपंत बिदरच्या सुलतानाचे अंमलदार. दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याची कोठारं भुकेल्यांसाठी मोकळी केली. विठ्ठलाने विठू महाराचं रूप घेऊन त्या धान्याची रक्कम दरबारात भरली, ही कथा घराघरांत सांगतात आणि सगळं लक्ष त्या चमत्काराकडे जातं. पण कोठाराचं कुलूप काढायच्या आधीचा पेच पाहा. एका बाजूला चांगलं आणि दुसऱ्या बाजूला वाईट, असं ते नव्हतं. सोपवलेल्या ठेव्याशी इमान राखणं हेही चांगलं, दारात मरणाऱ्या माणसाला जगवणं हेही चांगलं. दोन चांगल्या गोष्टींमधून एक निवडताना त्यांना क्रम माहीत होता आणि त्याची शिक्षा भोगायची तयारीही होती. मूल्य आणि आवड यांतला फरक इथे दिसतो: मूल्यासाठी माणूस किंमत मोजतो.

आता व्यवहारी माणसाचा आक्षेप घेऊ, कारण तो दमदार आहे. तो म्हणतो, मूल्यंबिल्यं राहू द्या, आकड्यांत बोला. चला, बोलू. समजा, पुण्यात महिना 40 हजार मिळतात आणि सोलापुरात 22 हजार. पुण्यात खोलीतला वाटा 7 हजार, मेस आणि चहापाणी 5 हजार, रोजचं जाणं-येणं 2 हजार, महिन्यातून एक सोलापूरची फेरी आणि किरकोळ मिळून 1 हजार. उरले 25 हजार. सोलापुरात पेट्रोल आणि घरखर्चाला हातभार 4 हजार. उरले 18 हजार. ऐकताना 18 हजारांचा वाटणारा फरक हातात 7 हजारांचा उरतो, वर्षाला 84 हजार. पाच वर्षांनी पुण्यातला पगार जास्त वेगाने वाढलेला असण्याची शक्यता आहे, तीही धरली पाहिजे. आईवडिलांच्या दवाखान्यासाठी ऐनवेळी घ्यावी लागणारी रजा आणि धावपळ, तीही धरली पाहिजे. हिशोब इथवर आला की आकडे गप्प होतात. रोज रात्री घरची भाकरी आणि वडिलांचं औषध स्वतःच्या हाताने देणं, हे महिना 7 हजारांना महाग की स्वस्त? आपल्याहून हुशार सहकाऱ्यांत बसून दोन वर्षांत जे शिकायला मिळेल, त्याचा भाव काय? हे वजन पगारपत्रकात छापून येत नाही, ते आपल्यालाच घालावं लागतं.

अमेरिकन मुत्सद्दी आणि विचारवंत बेंजामिन फ्रँकलिनचीही हीच गोष्ट. 1772 साली जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञ मित्राला एका नोकरीबद्दल सल्ला हवा होता. फ्रँकलिनने कळवलं की काय कर ते सांगता येत नाही, कसं ठरव ते सांगतो. कागदाच्या मधोमध रेघ मार, तीन-चार दिवस दोन्ही बाजूंची कारणं सुचतील तशी लिही, मग सारख्या वजनाची कारणं एकमेकांविरुद्ध खोडत जा. अडीचशे वर्षांनंतरही ही पद्धत लोक वापरतात आणि ती चांगलीच आहे. पण कोणतं कारण कोणत्या कारणाच्या वजनाचं, हे कागद सांगत नाही. तो क्रम आधीच हाताशी असेल तर अर्ध्या तासात निकाल निघतो. नसेल तर माणूस आधीच आवडलेल्या बाजूला जड करत राहतो आणि त्याला विचार म्हणतो.

मग हा क्रम काढायचा कसा? सुरुवात नोंदीपासून. गेल्या तीन महिन्यांचं बँकेचं आणि यूपीआयचं स्टेटमेंट घ्या. भाडं, किराणा, हप्ता असे टाळता न येणारे खर्च बाजूला काढा आणि जे कुणी मागितलं नव्हतं तरी आपण खर्च केलं, तेवढंच पाहा. मग एक आठवडा अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवा. रात्री आठवून लिहू नका, जेवणाच्या वेळी आणि झोपताना अशी दोनदा लिहा, नाहीतर मोबाइलमध्ये गेलेला वेळ हमखास गळतो. तिसरी नोंद सोडलेल्या गोष्टींची. गेल्या पाच-सात वर्षांतले असे दोन-तीन प्रसंग लिहा, जिथे नाही म्हटल्याने तोटा झाला आणि तरीही पुन्हा तसंच वागावंसं वाटतं. चौथी रागाची: इतरांनी सहज सोडून दिलेली कोणती गोष्ट आपल्याला रात्रभर टोचली? वजनात काटा मारणारा दुकानदार, म्हाताऱ्या माणसावर खेकसणारा कारकून, की आपलं काम स्वतःच्या नावावर खपवणारा सहकारी? रागाला ढोंग जमत नाही, म्हणून ही नोंद बहुधा सगळ्यांत खरी निघते.

या चार नोंदींतून पाच शब्द काढा, जास्त नकोत. त्याला गणिताचं कारण आहे: पाच मूल्यांची जोडीजोडीने तुलना करायची तर दहा जोड्या होतात, दहा मूल्यं घेतली तर पंचेचाळीस, आणि तिसाव्या जोडीला कुणीही कंटाळून ठोकताळे देऊ लागतो. तुलनेआधी प्रत्येक शब्दाचं वागण्यात रूपांतर करा, बाहेरच्या माणसाला दिसेल असं. ‘कुटुंब’ म्हणजे दरमहा पैसे पाठवणं, की आठवड्यातून चार रात्री एकत्र जेवण, की दवाखान्यात स्वतः हजर असणं? या तिन्हींना तीन वेगवेगळी शहरं लागू शकतात. पैसे पाठवणं पुण्यातून होतं, उलट पुण्यातूनच जास्त चांगलं होतं. रोजचं जेवण होत नाही. सोलापुरात राहून चादरीच्या कारखान्यात दोन पाळ्या करणारा माणूस दवाखान्यात हजर राहू शकेलच असंही नाही. एवढा एक खुलासा केला तरी घरातली कितीतरी भांडणं विरतात, कारण दोघे ‘कुटुंब’ म्हणत असतात आणि दोघांच्या मनात वेगवेगळं असतं. मग जोड्या घ्या आणि प्रत्येक वेळी ठोस विचारा: या दोन्हींतलं एकच या वर्षी मिळणार असेल तर दुसऱ्यावर पाणी सोडेन का? उत्तर लगेच आलं तर लिहा. अडलं तर खूण करून पुढे जा. अडलेल्या जोड्या सर्वांत मोलाच्या, कारण पुढचा कठीण निर्णय नेमका तिथेच येणार असतो.

हे करताना चुका ठरावीक ठिकाणी होतात. निर्णय आधी झालेला असतो आणि त्याला शोभतील अशी मूल्यं मागाहून लिहिली जातात. म्हणून हे काम ऑफर लेटर हातात यायच्या आधी करावं, घरात मृत्यू किंवा मोठं भांडण झालं असेल तर दोन-तीन महिने थांबून करावं. दुसरी चूक, ध्येयाला मूल्य समजणं. गिरणीतली कायमची नोकरी हे सोलापुरातल्या किती घरांचं ध्येय होतं! नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडली आणि ते ध्येयच उरलं नाही. घराचं स्थैर्य ज्याला हवं होतं त्याला ते यंत्रमागावर, रिक्षावर, किराणा दुकानात पुन्हा शोधता येण्यासारखं होतं. गिरणी हेच ज्याचं सर्वस्व होतं त्याला शोधायला काही राहिलं नाही.

तिसरी चूक सर्वांत खोल आहे: भीतीला मूल्याचं नाव देणं. ‘आईवडिलांसाठी थांबलो’ म्हणणारा माणूस खरंच त्यांच्यासाठी थांबलेला असतो, किंवा मुलाखतीतल्या इंग्रजीच्या धास्तीने थांबलेला असतो. ‘प्रगतीसाठी गेलो’ म्हणणाराही घरातल्या रोजच्या कटकटीतून सुटायला गेलेला असू शकतो. दोन्हींत लाज वाटण्यासारखं काही नाही, पण भीतीवर बांधलेला निर्णय भीती ओसरल्यावर बोचू लागतो. ओळखायला दोन प्रश्न पुरतात. ज्याची धास्ती आहे ते संकट टळलंच आहे असं गृहीत धरा. निर्णय बदलतो का? बदलत असेल तर तो मूल्यातून आला नव्हता. आणि मी काय केलं हे कुणालाही, कधीही कळणार नसेल, तरी मी हेच करीन का? नातेवाइकांच्या कौतुकासाठी घेतलेला निर्णय इथे उघडा पडतो.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. ही सगळी पोट भरलेल्यांची चैन आहे, असं म्हणतात. जिची मजुरी हजार बिड्यांवर मोजली जाते, त्या बाईला कसला क्रम आणि कसल्या जोड्या? यातलं बरंच मला मान्य आहे. मूल्यं ठरवली म्हणून मजुरी वाढत नाही. पर्यायच नसेल तर निवडीचा उपदेश करणं क्रूरपणा आहे. म्हणूनच क्रम लावण्याआधी किमान अटी ठरवाव्या लागतात: औषधपाणी, मुलांची फी, कर्जाचा हप्ता, डोक्यावर छप्पर. त्या भागल्याशिवाय मूल्यांचं नाव काढू नये. पण गरिबाला मूल्यांची निवडच नसते, हे मात्र मी मानत नाही. याच सोलापुरात कामगार नेते कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली बिडी कामगार बायांनी स्वतःच्या घरासाठी वर्षानुवर्षं लढा दिला, मोर्चे काढले, तुटपुंज्या मजुरीतून आपला वाटा भरला. 2006 मध्ये कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतली 10 हजार घरं उभी राहिली, जानेवारी 2024 मध्ये रे नगर या पुढच्या वसाहतीतल्या 15 हजार घरांच्या किल्ल्या मिळाल्या. मोर्चाला गेलेल्या दिवसाची मजुरी बुडते, हे त्या बायांना कुणी शिकवायला नको होतं. आजच्या हातखर्चापेक्षा उद्याचं हक्काचं घर वर, हा क्रम त्यांनी लावला आणि रोख किंमत देऊन पाळला. ज्यांच्याकडे कमी असतं त्यांची निवड उलट जास्त महाग असते. तिला निवडच न मानणं हा त्यांचा अपमान आहे.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. ‘माझी मूल्यं’ ही पाश्चात्त्य कल्पना, आपल्याकडे निर्णय घर घेतं, असं म्हणतात. ज्या शहराचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर आहे तिथे हे ऐकून नवल वाटतं. बाराव्या शतकात सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तलाव आणि मंदिरं उभारण्यात गुंतलेले सिद्धराम. परंपरा सांगते की शरण संत अल्लमप्रभू आले आणि त्यांनी या कामात दडलेल्या ‘मी’वर नेमकं बोट ठेवलं. सिद्धरामांनी आपलं आयुष्यभराचं काम पुन्हा तपासलं, कल्याणला (आजच्या बसवकल्याणला) जाऊन बसवेश्वरांच्या परंपरेतल्या शरणांमध्ये मिसळले आणि पुढे सोलापुरात येऊन समाधिस्थ झाले. आपण काय करतो आणि कशासाठी करतो, ही उलटतपासणी इथल्या मातीत आठशे वर्षांपूर्वी झाली आहे. उरला घराचा मुद्दा. घराने निर्णय घ्यावा, हरकत नाही. पण मग घराने आपला क्रम बोलून दाखवावा. एकाच घरात मुलगा पुण्याला निघाला की ‘संधी’ म्हणतात आणि मुलगी निघाली की ‘काळजी’. हा क्रम मुलीच्या मूल्यांतून आला का? तिला विचारलं होतं का? मूल्यं घराची म्हणायची आणि किंमत मात्र घरातल्या एकाच माणसाने मोजायची, याला सामूहिक निर्णय म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप तत्त्वज्ञानातला. 1945 मध्ये पॅरिसच्या एका भाषणात फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्रने आपल्याकडे आलेल्या विद्यार्थ्याचं उदाहरण दिलं. भाऊ युद्धात मारला गेलेला, आई याच्या आधाराने जगणारी. इंग्लंडला जाऊन जर्मनीविरुद्ध लढणाऱ्या स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात दाखल व्हावं की आईजवळ राहावं? सार्त्रचं म्हणणं, मूल्यं इतकी मोघम असतात की ती उत्तर देत नाहीत. माणूस कृती करतो, तेव्हाच कळतं की त्याचं मूल्य काय होतं. पेच आपलाच आहे, फक्त त्यात पुण्याच्या जागी इंग्लंड आहे. मोघम मूल्यं निरुपयोगी, हे मान्य. कृतीतूनच मूल्य कळतं, हेही मान्य, आणि नेमक्या त्याच कारणाने मागच्या कृतींची नोंद वाचायची असते. पस्तिशीतल्या माणसाने वेळेचे, पैशाचे, नकाराचे हजारो छोटे निर्णय घेऊन ठेवलेले असतात. ते न वाचता प्रत्येक वेळी कोऱ्या पाटीवर निवडायला बसणं कशासाठी?

आपल्या शहराचा इतिहास या वादात दोन्ही बाजू वापरतात, म्हणून तोही नीट पाहू. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. पुढच्या वैद्यकीय शिक्षणाची तयारी चालू असताना 1938 मध्ये ते काँग्रेसच्या पाच डॉक्टरांच्या पथकातून युद्धात सापडलेल्या चीनला गेले. वडील गेल्याची बातमी तिकडेच कळली, तरी फिरले नाहीत. बाकीचे चौघे परतले, ते राहिले आणि 1942 मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. वालचंद हिराचंद सोलापूरच्या कापूस-सावकारीच्या घरातले. तो चालता धंदा सोडून रेल्वेच्या ठेक्यात, मग जहाजांत उतरले. 5 एप्रिल 1919 ला त्यांचं ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून निघालं आणि पुढे ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून त्यांना बुडवायचा प्रयत्न केला, तरी त्यांनी जहाजांचा धंदा सोडला नाही. आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे: 1930 मध्ये सोलापुरात लागलेल्या मार्शल लॉनंतर याच शहराच्या लढ्यासाठी 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर गेले. गाव सोडणारे दोघे आणि गावासाठी जीव देणारे चौघे. सोलापूर सहाही जणांना आपलं मानतं. तेव्हा जावं की राहावं, याचा कौल इतिहासातून काढता येत नाही. त्यांच्यात सारखं काही असेल तर एवढंच की आपल्यासाठी काय आधी आणि काय नंतर, हे त्यांना ठाऊक होतं आणि किंमत समोर आल्यावर त्यांनी क्रम बदलला नाही. कोटणीसांच्या निवडीची किंमत त्यांच्या घरानेही मोजली, हे मात्र गौरव करताना गाळू नये.

क्रम आयुष्यभराचा नसतो. मूल झालं, नोकरी गेली, आईवडिलांपैकी एकजण मागे राहिलं की तो हलतो. वर्षातून एकदा नोंदी पुन्हा काढाव्यात. रविवारची रात्र सतत जड जाऊ लागली किंवा त्याच निर्णयाचं समर्थन वेगवेगळ्या माणसांपुढे वारंवार करावं लागत असेल, तर वर्ष संपायची वाट पाहू नये. निर्णय परतण्यासारखा असेल तर आधी तीन-सहा महिने करून पाहावा, परतीची तारीख घरात सांगून. भाड्याची खोली परतीची वाट ठेवते, वीस वर्षांचं गृहकर्ज ठेवत नाही. म्हणून क्रम कच्चा असताना कर्ज काढू नये.

आणि आईवडिलांनीही आपला कागद लिहावा, वेगळा, मुलाचा न पाहता. ‘त्यांना मी जवळ हवा’ असं मुलं धरून चालतात, ‘त्याला आमची अडचण होते’ असं आईवडील धरून चालतात, आणि दोन्ही अंदाज न तपासता तिकीट निघतं किंवा रद्द होतं. दोन्ही कागद शेजारी ठेवून शब्दांऐवजी वागण्यावर बोलावं. दवाखान्याची तारीख महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी घेणं आणि त्या दिवशी मुलाने सोलापुरात असणं, इतकं ठरलं तरी बऱ्याच घरांतला अर्धा वाद मिटेल. उरलेला अर्धा मिटणार नाही. तिथे कुणाला तरी हवी असलेली गोष्ट सोडावी लागेल. ती कोण सोडणार आणि किती वर्षांसाठी, हे त्याच बैठकीत, सगळ्यांसमोर, त्या माणसाच्या तोंडूनच यायला हवं.